कलम अकरावरची पट्टी

जयवंत मोंडकरांच्या खोलीला सरकारी कागदात 'अनुप्रयोग निवारण कक्ष' असं भारदस्त नाव होतं. विधिमंडळाच्या इमारतीत मात्र शिपायापासून सचिवापर्यंत सगळे तिला हरीची खोली म्हणत. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातला हरी. अडलेल्या दुरुस्त्या तिथं यायच्या, आणि ज्यांचे पाय धरायचे ते दोघे तिथं बसायचे. एक मोंडकर, दुसरे इरफान मुकादम. एकदा एक नवे सचिव पाहणीला आले तेव्हा मुकादमांनीच ओळख करून दिली होती, "साहेब, आम्हीच ते. पाय टेबलाखाली आहेत."

अधिवेशन संपायला तीन दिवस राहिले होते आणि मोंडकरांच्या निवृत्तीला एकवीस. सकाळी पडद्यावर अडतीस दुरुस्त्या अडून बसल्या होत्या. दुपारपर्यंत सदतीस सुटल्या.

पूर्वी कायदा म्हणजे एक पुस्तक आणि त्याच्या मागं वाढत गेलेली दुरुस्त्यांची शेपटी असायची. वाचणाऱ्यानं दोन्ही ताडून पाहायचं आणि आज काय चालू आहे ते आपल्या मनाशी जुळवायचं. नऊ वर्षांपूर्वी 'एकसंध' नावाची यंत्रणा आली आणि तो सगळा खटाटोप संपला. तिच्यात राज्यातला प्रत्येक कायदा झाडासारखा मांडून ठेवलेला होता. कलम ही फांदी, पोटकलम ही डहाळी, आणि घराला असतो तसा प्रत्येक शब्दाला पत्ता. विधेयक मंजूर होऊन राज्यपालांची सही झाली की ते यंत्रणेला हुकूम म्हणून जायचं : अमुक पत्त्यावर जा, तिथला अमुक शब्द उचल, त्या जागी तमुक ठेव. दोन मिनिटांत नवा कायदा तयार. आणि परवाने, नोटिसा, नाक्यांवरची फाटकं, सगळं त्या कायद्याला थेट जोडलेलं. कायदा हलला की ते आपोआप हलायचं, मध्ये कोणाच्या हाताचा प्रश्नच नाही.

शंभरातल्या नव्व्याण्णव दुरुस्त्या अशा सुरळीत बसायच्या. एखादी बसायची नाही. आधीच्या दुरुस्तीनं कलमांचे क्रमांक सरकलेले असायचे आणि नवी दुरुस्ती जुन्याच क्रमांकाच्या दारात जाऊन उभी राहायची. किंवा तोच शब्द कलमात दोनदा असायचा आणि कुठला उचलायचा ते विधेयकानं सांगितलेलं नसायचं. किंवा एकाच दिवशी मंजूर झालेल्या दोन विधेयकांतलं दुसरं आधी पोहोचायचं. मग यंत्रणा तांबडा दिवा लावून गप्प बसायची. मोंडकर तिच्याशी कधी भांडले नाहीत. ते म्हणायचे, ती खोटं बोलत नाही, तिला फक्त दिसत नाही. तिला काय दिसत नाही ते आपण बघायचं.

अडतिसावी दुरुस्ती त्यांनी शेवटी ठेवली होती, कारण सकाळी तिचं नाव वाचताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

'तर व होडी वाहतूक अधिनियम. कलम अकरा, पोटकलम दोनमधील "साठ वर्षे" या मजकुराऐवजी "पासष्ट वर्षे" हा मजकूर दाखल करण्यात यावा.' आणि खाली यंत्रणेचं उत्तर : मजकूर सापडला नाही. या पत्त्यावर 'पन्नास वर्षे' असे आहे.

तर म्हणजे खाडीपलीकडं उतारू नेणारी होडी; ती हाकणाऱ्या तांडेलानं किती वयापर्यंत सुकाणू धरावं याचं ते कलम होतं. मोंडकरांना ते पाठ होतं. त्याच कलमानं त्यांचा थोरला भाऊ बाबली पन्नासाव्या वाढदिवशी सातोंडीच्या खाडीत होडीवरून उतरला होता. आई गेल्यावर, आपल्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या जयवंताला त्यानंच वाढवलं, तरीवरच्या कमाईवर शिकवलं आणि शहरात पाठवलं. उतरवलं तेव्हा बाबलीनं फोन केला होता. "जया, तू थंय आसस. जरा बघ तरी. बापाशीच्या वेळेक साठ होती. बापूस साठ होईसर होडी हाकी." मोंडकरांनी पुस्तक काढून पाहिलं आणि सांगितलं, "दादा, मी स्वतः बघलंय. पन्नासच आसा." बाबली म्हणाला, "तू बघलंस, मग झाला."

तीन वर्षांनी एका संध्याकाळी तरीवरच्या तरुण तांडेलाला फणफणून ताप भरला आणि पलीकडच्या दवाखान्यात न्यायची, बाळंतपणाला अडलेली बाई धक्क्यावर येऊन पडली. बाबलीनं सुकाणू धरलं. बाई पोहोचली, मूल झालं. परतताना ओहोटीला होडी वाळूच्या पट्टीवर टेकली, कोणाला खरचटलंही नाही, पण तक्रार झाली. कोर्टात बाबलीनं गुन्हा कबूल केला. तरीच्या सोसायटीनं त्याचं नाव पाटीवरून पुसलं आणि ठराव केला, की या इसमानं पुन्हा होडीवर पाय ठेवू नये, उतारू म्हणूनसुद्धा. पुढं धक्क्यावर चेहरा ओळखणारं फाटक बसलं. ते गावातल्या शेळ्यांनासुद्धा अडवत नसे, पण बाबली समोर आला की मिटून राहायचं. त्याची मुलगी समोरच्या काठावर दिली होती. तिचं घर अंगणातून दिसायचं. सतरा वर्षं तो तिच्याकडे एकतीस किलोमीटरचा वळसा घालून एस्टीनं जात होता.

"काय मोंडकर," मुकादम म्हणाले, "अडतिसावी लाजतेय का?"

"बघा ना. वकील 'साठ' म्हणतोय. आपल्याकडे 'पन्नास'."

विधेयक सातोंडीकडच्या आमदारांचं होतं आणि ते तिथल्या एका म्हाताऱ्या वकिलानं वडिलांच्या वेळच्या छापील पुस्तकावरून लिहून दिलं होतं. मोंडकर ते घेऊन उपसचिव हर्डीकर मॅडमकडे गेले. मॅडमच्या टेबलावर सकाळचा चहा तसाच होता, त्यावर साय धरलेली.

"वकिलानं जुनं पुस्तक वापरलं," मॅडम म्हणाल्या. "लिपिकीय चूक म्हणून नोंद करा आणि पन्नासाच्या जागी पासष्ट घाला. तांडेलांचं भलंच होईल."

"पण मॅडम, साठाचं पन्नास झालं कधी?"

"मोंडकर, तुमचे दिवस किती राहिले?"

"एकवीस."

"मग एकवीस दिवसांसाठी उकिरडा कशाला उकरता? घाला आणि मोकळे व्हा. माझ्याकडे अजून अर्थसंकल्प पडलाय."

मोंडकर खोलीत आले. बोट कळीवर ठेवलं, पण दाबलं नाही. त्यांनी मुकादमांना त्या शब्दाचा उगम काढायला सांगितला. एकसंधमध्ये प्रत्येक शब्दामागं तो कुठल्या दुरुस्ती कायद्यानं आला त्याचा क्रमांक असतो. या 'पन्नास'च्या मागं क्रमांक नव्हता. नुसतं लिहिलं होतं : मूळप्रत, पट्टी चार.

"हे पोर बिनमायबापाचं दिसतंय," मुकादम म्हणाले.

तळघरातल्या दप्तरखान्याची किल्ली घेऊन मोंडकर खाली उतरले.

यंत्रणेच्या आधी प्रत्येक कायद्याची एक मूळप्रत असे. दुरुस्ती झाली की तिचा छापील तुकडा कातरून जुन्या मजकुरावर खळीनं चिकटवायचा. त्याला पट्टी म्हणत. ज्यानं चिकटवली त्यानं कोपऱ्यात आपली आद्याक्षरं घालायची. मोंडकर पंचविसाव्या वर्षी दप्तरी म्हणून लागले तेव्हा भिकाजी गवडे नावाच्या जुन्या दप्तरीनं त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. "कायद्याची पट्टी पुरती चिकटव. अध्यादेशाची फक्त डावी कड. अध्यादेश म्हणजे पाहुणा रे. विधिमंडळ बसल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप मरतो. मेला की फाडायचा. म्हणून पट्टी झडपेसारखी लोंबती ठेवायची, खालचं मूळ वाचता आलं पाहिजे." ही पद्धत कुठल्याही नियमात नव्हती. ती हातातून हातात आलेली होती.

मूळप्रत काढून मोंडकरांनी कलम अकरा उघडलं. पट्टी इतकी नीट बसली होती की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हती. चारही कडा सरळ कातरलेल्या. आणि कोपऱ्यात बारीक, कोरीव अक्षरात : ज. मों.

ते तिथंच लोखंडी शिडीच्या पायरीवर बसले.

सगळं आठवलं. राज्यात दुसरीकडं एक होडी उलटली होती म्हणून घाईनं अध्यादेश निघाला होता. गवडे रजेवर होते. दुसऱ्या दिवशी सचिवांची तपासणी होती. लोंबणाऱ्या पट्ट्या जयवंताच्या डोळ्यांत खुपायच्या. पान उलटताना त्या मुडपायच्या, फाटायच्या. हात नवा होता आणि कामाची हौस होती. कायदा तर होणारच आहे, आज ना उद्या चिकटवायचीच आहे, असं म्हणून त्यानं तिला पुरती खळ लावली. कड बाहेर येत होती ती कातरून टाकली. त्या कडेवरच 'अध्यादेश' हा शब्द होता. सचिवांनी तपासणीत प्रत उघडून म्हटलं होतं, "वा, स्वच्छ काम." मग बढती मिळून तो कारकून झाला, आणि अध्यादेशाचा कायदा झालाच नाही हे बघायला त्या पानाकडं कोणी परत गेलं नाही. पुढची छपाई याच प्रतीवरून झाली. यंत्रणेनं वाचली तीही हीच.

मोंडकरांनी ओल्या कापसानं पट्टीची एक कड भिजवली. तेहतीस वर्षांची खळ हळूहळू सुटली. खाली 'साठ वर्षे' होतं. शाई अजून काळीभोर.

वर आल्यावर त्यांनी मुकादमांना सगळं सांगितलं, एका दमात, आवाज न चढवता. मुकादमांनी थट्टा केली नाही. त्यांनी पूर्वपाहणी लावली. कुठलाही बदल खरा करण्याआधी त्याचे परिणाम यंत्रणा दाखवते, ती पूर्वपाहणी. मरून गेलेला अध्यादेश तो मेला त्या तारखेपासून काढला तर काय होईल? यंत्रणेनं तेहतीस वर्षांतला तो शब्द ज्या ज्या निर्णयाला टेकला होता ते सगळे निर्णय परत तपासले. आत्ता काठावर बसलेले दोनशे सहा तांडेल उद्या होडीवर जातील. आधी उतरवलेले, आता साठीपुढचे चारशे त्रेसष्ट जण, त्यांतले तीनशे एकोणीस हयात, चुकीनं उतरवले असं कळवलं जाईल. चार शिक्षा रद्द होतील.

चौघांत तिसरं नाव होतं बाबाजी सोनू मोंडकर.

"आणि नुसता पन्नासाच्या जागी पासष्ट घातला तर?" मोंडकरांनी विचारलं.

"तर मागचं काहीच हलत नाही. आजपासून पुढं."

"म्हणजे दादा गुन्हेगारच राहतो."

मुकादमांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं बघा. मूळ मजकूर सुधारला की चुकीचं कारण द्यावं लागतं आणि ते प्रत्येकाला कळवलं जातं, कोणाच्या हातून झाली त्या नावासकट. पण मी सांगतो काय, 'कार्यालयीन चूक' एवढंच लिहू. नाव गाळता येतं, मी गाळतो. भाऊ सुटला, तुम्हीही सुटलात. या इमारतीत कोणाचं काय गाळलं नाही आपण?"

खरं बोलायला धीर लागतो म्हणतात. मोंडकरांना त्या दुपारी उलटंच वाटत होतं. धीर खोट्याला लागतो. दर गणपतीला भावाच्या समोर पाटावर बसायला, त्याच्या हातचा प्रसाद घ्यायला लागतो. तेवढा त्यांच्यात उरला नव्हता.

"राहू दे नाव," ते म्हणाले. "दमलो आता, इरफानभाई."

हर्डीकर मॅडमनी ऐकून घेतलं आणि कपाळ धरलं. "अधिवेशन उठायला तीन दिवस, आणि तुम्ही हे आणता?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "चौकशी लागेल. निवृत्तीच्या तोंडाशी लागलेली चौकशी माणसाच्या तेराव्यालासुद्धा संपत नाही, माहीत आहे ना?"

"आहे."

"दुसरं कोणी असतं तर मी..." त्या थांबल्या. "उद्या दुपारी बारा वाजता मंजुरी देते. त्याच्या पुढं नाही थांबता येणार मला."

"बारापर्यंत पुष्कळ झालं," मोंडकर म्हणाले आणि निरोप जाण्याआधी भावाला गाठायचं म्हणून गाडी धरायला निघाले.

सकाळी आठ वाजता ते सातोंडीला पोहोचले. बाबली अंगणात हाताला राख लावून ओले काजूगर काढत बसला होता. सत्तरी झाली तरी पाठ ताठ होती. खालच्या खाडीत तर पलीकडं चालली होती. तो तिच्याकडं पाठ करून बसला होता, रोज बसायचा तसा.

"कधी इलंस?" त्यानं विचारलं. "न सांगता? कोण गेलो काय?"

"नाय दादा. कोण नाय."

"मग पेढे आणलंस काय निवृत्तीचे? की सरकारान अजून राहा म्हटल्यान?"

आतून वहिनी ओरडली, "अगोदर चाय तरी घेव दी त्येका!"

मोंडकर पायरीवर बसले. चहा आला, तो त्यांनी खाली ठेवला. "दादा, तुका पन्नास झाली तेव्हा तू माका फोन केल्लंस."

"केल्लंय."

"बापाशीच्या वेळेक साठ होती म्हणालंस."

"आणि तू म्हणालंस पन्नास. पुस्तकात बघून."

"पुस्तकात पन्नास होती. ती खोटी. खाली साठच होती. वरची पट्टी मी चिकटवलंय. माझ्या हातान." आणि मग खळ, झडप, तपासणी, सगळं त्यांनी सांगितलं. आज बाराला निरोप येईल तेही सांगितलं, आणि त्यात नाव असेल तेही.

बाबलीचा हात थांबला नाही. त्यानं एक बी फोडली, गर काढला, टोपलीत टाकला. दुसरी फोडली. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या तोंडावर पदर होता.

"म्हणजे साठच होती," बाबली म्हणाला.

"साठच."

"कोर्टात गुन्हो कबूल म्हटलंय मी. देवाची शपथ घेवन."

मोंडकरांनी मान खाली घातली.

"बापूस खोटो नाय, तां माका ठाऊक होता," बाबली म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझ्या डोळ्यांनी बघलंलंय मी. साठ होईसर त्येच्या हातात सुकाणू. तरी मी तुझा ऐकलंय. कित्याक? तू शिकलंलंस म्हणान." त्यानं राखेचा हात झटकला. "चाय गार होता. घे."

त्यानं टोपली संपवली. साडेअकराला विहिरीवर हात धुतले, धुतलेला शर्ट घातला, आणि खाली धक्क्याच्या वाटेला लागला. त्यानं जयवंताला ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. मोंडकर दहा पावलं मागून चालत राहिले.

धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं होती. माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका, दोन मास्तर, सोसायटीचे सचिव विनायक खवळे. पाटीवरचं नाव यांनीच पुसलं होतं. बाबली फाटकाच्या अलीकडं बाकावर बसला. बायकांतली एक म्हणाली, "बाबलीनू, आज हय खंय वाट चुकलास?" तो नुसता हसला.

बारा वाजून चार मिनिटांनी त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो काढला आणि न वाचता खवळ्यांच्या हातात दिला.

"वाच. मोठ्यान वाच."

खवळे वाचू लागले. "श्री. बाबाजी सोनू मोंडकर. आपला तांडेल परवाना आपल्या वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत वैध होता, असे आढळून आले आहे. आपणास झालेली शिक्षा व त्यावरून घातलेली बंदी रद्द करण्यात येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत..." पाटीवाल्या बायका पुढं सरकल्या. खवळ्यांचा आवाज बारीक झाला. पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"थांबलास कित्याक?" बाबली म्हणाला. "इतक्याच नाय. नाव आसात त्यात. तां पण वाच."

"मूळ चूक : कायद्याच्या प्रतीवर पट्टी चिकटवणारे तत्कालीन कर्मचारी... जयवंत सोनू मोंडकर."

तिथल्या निम्म्या माणसांनी जयवंताला लहानपणी पाहिलं होतं, निम्म्यांनी नव्हतं. एका मास्तरानं हळूच विचारलं, "हे मोंडकर कोण म्हणायचे?"

बाबलीनं मागं, दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाकडं बोट केलं. "तो. माझो भाव."

मग तो उठला आणि फाटकासमोर जाऊन उभा राहिला. वरच्या काचेत हिरवा ठिपका पेटला आणि फाटक उघडलं, आवाजसुद्धा न करता. बाबली क्षणभर तसाच उभा राहिला, जणू आता आत जायचं असतं हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. मग आत गेला. होडीत त्याच्यासाठी पुढची जागा रिकामी झाली. तो तिथं बसला नाही, मागं जाऊन तांडेलाच्या शेजारी उभा राहिला. तांडेल त्याच्याकडं बघत होता. बाबली पाण्याकडं बघत होता.

मोंडकर फाटकापाशी आले. ते त्यांच्यासाठीही उघडलं असतं. ते हाकेची वाट बघत थांबले. दोर सुटला, मशीन सुरू झालं, होडी धक्क्यापासून हातभर, मग दोन वाव दूर गेली. हाक आली नाही.

पुढची तर चाळीस मिनिटांनी होती. त्यांनी फोनमध्ये वेळ पाहिली, बाकावर भावानं सोडलेल्या जागी बसले, आणि वाट बघू लागले.